मुलांसाठी लिंगओळख काउन्सेलिंग (डेक्कन भाग, पुणे) – घाई पण नाही, टाळाटाळ पण नाही

रेटिंग ५ पैकी ४.५. अर्धा का कापला ते खाली येईलच.

पहिली गोष्ट, सेंटरचं नाव इथे टाकत नाहीये. तिथे येणारी बहुतेक मुलं अठराच्या आतली आहेत आणि हा विषय (पोर आतून स्वतःला मुलगा समजतं की मुलगी, त्याचा) असा आहे की कोण कधी दारात येऊन मोबाईल काढून उभं राहील सांगता येत नाही. ज्यांच्या घरात खरंच गरज आहे त्यांनी मला मेसेज करा, नंबर देतो. आणि ज्याच्यासाठी आम्ही गेलो ते माझ्या ताईचं लेकरू, तेव्हा नववीत होतं, आता दहावीला आहे. मुलगा की मुलगी हे लिहिणार नाही, लेकरूच म्हणणार, म्हणजे ओळख पण लागणार नाही आणि त्याच्याबद्दल मी परस्पर काही ठरवलं असंही होणार नाही. मी मामा.

पुण्यात या विषयावर काम नवीन आहे असं नाही हां. बिंदुमाधव खिरेंनी समपथिक ट्रस्ट (समलिंगी, तृतीयपंथी लोकांसाठी काम करणारी संस्था) २००२ साली इथेच सुरू केला, तेव्हा तर या गोष्टी कुणी मोठ्याने बोलत पण नव्हतं. पिंपरी चिंचवड पालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी लोकांना सिक्युरिटीच्या कामावर घेतलं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. पण हे सगळं मोठ्या माणसांचं झालं. चौदा पंधरा वर्षांचं पोर घरी येऊन सांगतं की तुम्ही मला जे समजता ते मी नाहीये, तेव्हा कुठे जायचं, कुणाला विचारायचं, हे आमच्यासारख्या घरात खरंच कुणाला माहीत नसतं. मग जो तो आपापल्या परीने गूगल करत बसतो आणि भांडतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. ताईने रात्र रात्र व्हिडिओ बघितले आणि तिचं मत झालं की आता एक दिवस पण थांबायचं नाही, जे काय औषध असेल ते सुरू करा, नाहीतर लेकरू जिवाचं काहीतरी बरंवाईट करेल. दाजी दुसऱ्या टोकाला, हे सगळं मोबाईलमुळे, मोबाईल काढून घ्या, दोन महिने गावी ठेवा, ठीक होईल. दोघांनाही लेकराची काळजीच होती, पण एका टेबलावर जेवायला बसायची सोय राहिली नव्हती. दाजींनी आधी एका डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांनी सरळ सांगितलं की सहा महिन्यात नॉर्मल करून देतो, पॅकेज घ्या. (असं 'सरळ करून देणं' हे डॉक्टरने करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच जाहीर केलंय, त्याच्या आदल्या वर्षी मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी एका केसमध्ये त्यावर कडक आदेश दिला होता त्यातून ते आलं. हे आम्हाला नंतर कळलं.) आणि ताईने एका ऑनलाइन ठिकाणी कॉल लावला तर तिथे पहिल्याच व्हिडिओ कॉलवर हार्मोन्सचा खर्च किती येईल यावर गाडी गेली. लेकराला झोप येते का, शाळेत काय चाललंय, कुणी त्रास देतं का, हे त्या दोन्हीकडे कुणी विचारलंच नाही. एकाला पोर दुरुस्त करायचं होतं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक पाहिजे होतं, माझं स्पष्ट मत आहे.

तर आता या सेंटरबद्दल.

पहिल्या भेटीत मॅडमनी (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत) बसल्या बसल्या सांगितलं, "आज इथे कुठलाही निर्णय होणार नाहीये, त्यामुळे कुणी घाबरू नका." तेवढ्या एका वाक्याने ताई आणि दाजी दोघांचे खांदे खाली आले, मी समोरच बसलेलो. मग त्यांनी लेकराला विचारलं तुला कुठल्या नावाने हाक मारू आणि बोलताना आला म्हणू का आली म्हणू. लेकराने खालमानेने हळू आवाजात सांगितलं, मॅडमनी फाईलवर लिहून घेतलं आणि पुढे तेच वापरलं. त्यावर भाषण नाही, टाळ्या नाहीत, आईबापांना टोमणा पण नाही की बघा तुम्ही असं म्हणत नाही. मग आम्हाला बाहेर पाठवून लेकराशी एकट्याने बोलल्या, चांगला पाऊण तास.

आत काय बोलणं झालं ते आम्हाला सांगत नाहीत, आणि हे बरोबरच आहे. जिवाला धोका असेल तरच आईवडलांना सांगणार हे लेकरासमोरच स्पष्ट केलं. पण लेकराने घरी येताना मेट्रोत (वनाजला उतरायचं होतं) आपणहून मला थोडं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं आंघोळ कशी करतोस / करतेस. लेकरू म्हणालं लाईट बंद करून. हे आम्हाला घरात राहून माहीत नव्हतं हो. एप्रिलच्या उकाड्यात ते जाडं जॅकेट घालून बसायचं, त्यावरून ताई रोज ओरडायची, आणि मॅडम फक्त उठल्या आणि फॅन दोनने वाढवला, जॅकेटबद्दल चकार शब्द नाही. अशा साध्या साध्या गोष्टींवरून मला कळलं की बाईंना काम येतं.

पुढच्या भेटींमध्ये हळूहळू सगळं चाचपून बघितलं. झोप, जेवण, अभ्यासाचं टेन्शन, मित्रमैत्रिणी, ऑनलाइन कुणाशी बोलणं आहे, कुणी कधी अंगाला हात लावलाय का, लहानपणापासून काय काय होतं आणि कधीपासून. ऑटिझमची पण तपासणी केली, कारण म्हणे या मुलांमध्ये ते बऱ्याचदा बरोबर असतं आणि राहून जातं. आमच्याकडे ते निघालं नाही, पण डिप्रेशन निघालं, चांगलं बऱ्यापैकी. त्याच्यावर तिथल्याच सायकियाट्रिस्टनी उपचार सुरू केले. आणि हे करताना 'डिप्रेशन गेलं की बाकीचं पण जाईल' असं गाजर दाजींना दाखवलं नाही, किंवा 'डिप्रेशन फक्त लिंगओळखीमुळेच आहे' असं ताईला पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, दोन्ही गोष्टी आहेत, दोन्हीकडे बघू. दाजींनी विचारलंच की मॅडम हा आजार आहे का. त्या म्हणाल्या नाही, जागतिक आरोग्य संघटनेने नवीन यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय, आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. आजार नसला तरी मदत लागू शकते, बाळंतपण पण आजार नाही पण डॉक्टर लागतोच की. दाजींना हे पटलं, म्हणजे मान हलवली तरी.

आता औषधाचा विषय, ज्याच्यासाठी लोक मला सगळ्यात जास्त विचारतात.

तिथे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, ठराविक शनिवारी येतात. त्यांनी ताई, दाजी आणि लेकरू तिघांना एकत्र बसवून समजावलं, मी कोपऱ्यात. तारुण्य थांबवणारी जी इंजेक्शनं असतात ना, प्युबर्टी ब्लॉकर, ती फार लहान वयात पाळी किंवा दाढीमिशी सुरू होणाऱ्या मुलांना कित्येक वर्षांपासून देतात, तिथे त्याचा अनुभव चांगला आहे. पण लिंगओळखीसाठी देताना पुरावा तेवढा पक्का नाहीये. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांनी यावर मोठा अभ्यास करून एप्रिल २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला, त्यासाठी यॉर्क युनिव्हर्सिटीने जगभरातले अभ्यास तपासले आणि बहुतेकांचा दर्जा कमी निघाला. त्याच्या आदल्याच महिन्यात तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने ब्लॉकर रिसर्चच्या बाहेर देणं बंद केलं होतं. स्वीडन आणि फिनलंडने पण त्याआधी हात आखडता घेतलाय. आणि लगेच दुसरी बाजू पण सांगितली, की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२३ मध्ये आपल्या जुन्याच धोरणावर कायम राहिली, म्हणजे मुलांना हे उपचार मिळायला हवेत असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे जगात डॉक्टरांचं एकमत नाहीये आणि कुणी तुम्हाला एकमत आहे सांगत असेल, कुठल्याही बाजूचा असो, तर तो अर्धंच सांगतोय.

मग कागदावर हाडाचं चित्र काढून दाखवलं, की या वयात हाडं भरत असतात, ब्लॉकर दिले की ते भरणं मंदावतं, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून लक्ष ठेवावं लागतं. पुढे हार्मोन्स घेतले तर मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि त्यातले काही बदल थांबवले तरी मागे फिरत नाहीत. शिवाय आमच्या लेकराचं तारुण्य बरंचसं सुरू होऊन गेलेलं, त्यामुळे ब्लॉकरचा जो काय उपयोग असतो तो पण आता कमीच. त्यांचं मत पडलं की सध्या औषध नको, डिप्रेशन, शाळा, घर हे आधी, आणि ठरावीक महिन्यांनी परत बघू. अठरा पूर्ण झाल्यावर निर्णय त्याचा स्वतःचा, तेव्हा इथेच मदत मिळेल, दार बंद करत नाहीये.

मला सगळ्यात आवडलं ते यापुढचं. ते म्हणाले की थांबणं फुकट नसतं. शरीर बदलत राहतं, आवाज, छाती, उंची, आणि ते बदल पण सगळे परत फिरत नाहीत, त्यामुळे लेकराला त्रास होणार आहे आणि तो त्रास खरा आहे, 'थांबा' असं सांगून मी मोकळा नाही होऊ शकत. म्हणून थांबण्याच्या काळात काय काय करायचं याची यादीच केली त्यांनी मॅडमबरोबर. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो लोकांना, सावध राहायचं म्हणजे पोराला वाऱ्यावर सोडायचं नाही.

लेकरू चिडलं, अर्थातच. त्याला वाटलेलं आज काहीतरी मिळणार. पुढच्या भेटीत तोंडच उघडेना. मॅडम म्हणाल्या, चीड की, माझ्यावर चीड, तो हक्क आहे तुला, मी इथेच आहे. आणि खरंच गप्प बसून राहिल्या वेळ संपेपर्यंत. त्यानंतरच्या वेळी आपणहून बोललं.

यादीत काय होतं तर साध्या गोष्टी. केस कसे कापायचे ते त्याचं ते ठरवणार. कपडे पण, लग्नकार्याला काय घालायचं त्याची मात्र आधी घरात चर्चा. घरात नवीन नाव वापरून बघायचं, आणि उद्या त्याला वाटलं की नको, तर परत बदलायला काहीही लाज नाही, कुणी 'बघ म्हटलं होतं ना' म्हणायचं नाही, हे दाजींकडून त्यांनी कबूल करून घेतलं, आणि ताईकडून हे कबूल करून घेतलं की ती रोज लेकराला विचारणार नाही तुला आज कसं वाटतंय. हे दुसरं पण तितकंच महत्त्वाचं होतं, कारण ताईच्या काळजीने लेकराचा जीव गुदमरत होता. आजीने (माझी आई, ७८ वर्षांची) कुणाला न विचारता स्वतःचा मार्ग काढला, ती दोन्ही नावं सोडून फक्त 'बाळ' म्हणते, बाळ जेवलं का, बाळ आलं का. झालं.

शाळेचं काम मॅडमनी फार छान केलं. नुसतं पत्र देऊन सोडलं नाही, मुख्याध्यापिकाबाईंशी स्वतः फोनवर बोलल्या. तृतीयपंथी लोकांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात शाळा कॉलेजात भेदभाव करायचा नाही हे तिसऱ्या कलमातच आहे, पण मॅडमनी कायद्याचा दंडुका आधी काढला नाही. त्यांनी विचारलं तुम्हाला काय जमेल. त्यातून निघालं असं, वर्गशिक्षिका हजेरी सगळ्यांचीच आडनावाने घेणार, म्हणजे एकाला वेगळं काढायला नको. टॉयलेटसाठी स्टाफरूमच्या बाजूचं एक, त्याची किल्ली शिपाईमावशींकडे, लेकराने नुसता हात पुढे केला की देतात, प्रश्न नाही. पीटीचा युनिफॉर्म ट्रॅकपॅन्ट, ती तशीही सगळ्यांना होती. लेझीममध्ये मुलांची रांग मुलींची रांग असायची ती उंचीप्रमाणे केली. आणि जी दोन पोरं मागून आवाज काढायची त्यांच्या पालकांना बोलावलं. बोर्डाच्या फॉर्मवर कागदोपत्री जे नाव आहे तेच सध्या राहील हे लेकराला नीट बसून समजावलं. ओळखपत्राचं विचारलं तर सांगितलं की कायद्यात ते जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळायची तरतूद केली आणि अठराच्या आतल्यांचा अर्ज आईवडलांनी करायचा असं त्यात लिहिलं, पण किल्ली मिळायला आणि हजेरीला ओळखपत्र लागत नाही, आत्ता घाई नको.

मला वाटतं यातच सगळं आलं. पोराला इज्जतीने वागवायला, नावाने हाक मारायला, त्याला कुणी मारणार नाही चिडवणार नाही हे बघायला कुठल्याही अभ्यासाची वाट बघायची गरज नाही, ते आज, आत्ता करायचं. औषधाला मात्र पुरावा पाहिजे, वेळ पाहिजे, आणि चांगला डॉक्टर पाहिजे. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. जे म्हणतात पुरावा कमी आहे म्हणजे ही मुलंच खोटी, ते चुकतात, कॅस बाईंनी पण असं कुठे म्हटलं नाही, उलट काही जणांना औषधोपचाराचा फायदा होईल असंच लिहिलंय. आणि जे म्हणतात औषधाबद्दल प्रश्न विचारला म्हणजे तुम्ही द्वेष करता, ते माझ्या ताईसारख्या आईला आणखी घाबरवतात. मोठ्या माणसांचा विषय वेगळा, सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नालसा निकालात सांगितलं की स्वतःची ओळख सांगायचा हक्क माणसाचा स्वतःचा, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे, नोकरी घर दवाखाना सगळीकडे त्यांना जागा मिळालीच पाहिजे. चौदा वर्षाच्या पोराच्या शरीरावर कायमचा परिणाम होणार असेल तर मात्र मला थोडं सावकाश चाललेलं बरं वाटतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला वाटू शकतात.

सेंटरमध्ये पालकांचा एक ग्रुप पण भरतो रविवारी सकाळी. तिथे एकदा चांगलीच जुंपली. एक ताई म्हणत होत्या तो इंग्लंडचा अहवाल सगळा राजकारण आहे, आणि एक काका म्हणत होते ही सगळी इन्स्टाग्रामची फॅशन. मॅडमनी दोघांना पुरतं बोलू दिलं आणि मग काकांना विचारलं की तुमच्या घरात फॅशन म्हणून कुणी लाईट बंद करून आंघोळ करेल का, आणि त्या ताईंना विचारलं की अहवाल बाजूला ठेवू, तुमच्या मुलाला झोप किती लागते. दोघं गप्प झाले. नंतर चहाला दोघं एकत्र उभे होते. बारामतीकडून एसटीने येणारं एक जोडपं पण होतं, ते तर म्हणाले आमच्या गावात हे बोलायला भिंत पण नाहीये. त्यांना पुढच्या भेटी व्हिडिओवर देतात, तो नियम चांगला आहे.

लेकराचं म्हणाल तर, जूननंतर एका ढोल पथकात जायला लागलं. मॅडमनीच सुचवलेलं की असं काहीतरी शोधा जिथे शरीर कामाला लागेल आणि मुलगा मुलगी प्रश्न येणार नाही. सगळ्यांना तोच कुर्ता, तोच फेटा, कमरेला तोच ढोल. नदीकाठी सराव असायचा, घरी आलं की हाताला फोड आलेले, टिपरूने बोटं सोललेली, आणि गाढ झोपायचं. त्या महिन्यात झोपेची गोळी डॉक्टरनी कमी केली. विसर्जनाच्या दिवशी दाजी अलका चौकात गर्दीत उभे राहून व्हिडिओ काढत होते. दाजी अजून नवीन नाव घेत नाहीत, हे पण सांगतो, जमत नाही म्हणतात. पण केसांवरून बोलणं पूर्ण बंद झालंय आणि स्वतः सलूनमध्ये घेऊन जातात.

आता तक्रारी.

फॉर्म सगळे इंग्रजीत आहेत. पुण्यात बसून बारामतीच्या माणसाला इंग्रजीत संमतीपत्र सही करायला लावणं मला अजिबात पटलं नाही, आणि तेही अशा विषयात जिथे प्रत्येक शब्द समजला पाहिजे. मी लेखी कळवलंय, मराठी फॉर्म येतोय म्हणाले, अजून आलेला नाही. दुसरं, एकदा रिसेप्शनवरच्या नवीन मुलीने वेटिंगमध्ये जुन्या नावाने मोठ्याने हाक मारली, लेकरू उठेचना. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि सगळ्याच फाईलींवर वरच्या कोपऱ्यात हाक मारायचं नाव स्टिकरवर लावायला सुरुवात केली, पण हे आधीच असायला हवं होतं. तिसरं, दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा पाऊण तास उशीर धरून चाला. याच्यासाठी अर्धा स्टार कापला.

फी पहिल्या भेटीला १५०० आणि नंतर १०००, कमी उत्पन्न असेल तर बोला, कमी करतात, शाळेच्या पत्राचे पैसे घेत नाहीत. डॉक्टरांची फी वेगळी. पार्किंग नाही, दुचाकी पण लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने डेक्कन जिमखान्याला उतरून चालत जा. पहिल्या भेटीआधी फोनवरच सांगून ठेवा की घरात दोन मतं आहेत, म्हणजे ते आईवडलांना आधी वेगवेगळं बोलावतात, आमचं तसं झालं नाही आणि पहिली वीस मिनिटं ताई दाजींच्या भांडणात गेली. शनिवारचे स्लॉट तीन तीन आठवडे आधी भरतात. आणि तेवढं थांबण्यासारखी परिस्थिती नसेल, लेकरू जिवाचं काही बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ वर टेलिमानसला कुठल्याही वेळी फोन करा, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.